कमरेला वागवायचे रिव्हॉल्व्हर



आमच्या ओळखीचे एक सराफ एके दिवशी सकाळीच आमच्या घरी आले. आठवड्यातून दोनदा माल घेऊन शेजारच्या गावी जाणे हा त्यांचा नेम. रस्ता निर्मनुष्य, दिवस वाईट. परवान्यासाठी अर्ज करावा आणि कमरेला एक रिव्हॉल्व्हर लावावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. आम्हांला या यंत्राची जुनी आवड आहे, हे त्यांना ठाऊक. त्यांनी विचारले, "सर्वांत जबर मारा कशाचा?" आम्ही उलट विचारले, "शेठ, दिवसातून किती तास ते कमरेला राहणार?" त्यांना आमचा प्रश्न वेडगळ वाटला असावा. पण आजचे आमचे सारे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे समर्थन आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊ. रिव्हॉल्व्हर म्हणजे एक नळी आणि तिच्यामागे पाच किंवा सहा घरांचे फिरते चक्र. प्रत्येक घरात एक काडतूस. घोडा मागे जाताना चक्र एक घर पुढे सरकते आणि नवे काडतूस नळीसमोर येऊन उभे राहते. घोडा सुटला की बार उडतो. अमेरिकेतील सॅम्युएल कोल्ट याने या रचनेचे एकस्व १८३५ साली इंग्लंडात आणि १८३६ साली स्वदेशी घेतले. त्याच्या यंत्राने पिस्तुलाची मोठी अडचण दूर केली. एक बार काढला की पुन्हा दारू ठासत बसायचे, ही ती अडचण.

परंतु एक अडचण दूर झाली तशी दुसरी उभी राहिली. ती वजनाची. १८४७ साली कोल्टने कॅप्टन वॉकर यांच्या सल्ल्याने जे रिव्हॉल्व्हर बनविले, ते दोन किलोंच्याही वर भरत असे. नळी नऊ इंचांची. ते घोडेस्वाराचे शस्त्र होते; घोड्याच्या खोगिराला लावलेल्या चामडी खोळीतून ते प्रवास करी. म्हणजे ओझे घोड्याचे होते, स्वाराचे नव्हते. स्वार खाली उतरला आणि गावात पायी फिरू लागला, की तेच शस्त्र त्याला जड होई. म्हणून त्या काळात तीन जाती पडल्या: खिशातले, पट्ट्याचे आणि खोगिराचे. १८५१ सालचे कोल्टचे 'नेव्ही' रिव्हॉल्व्हर हे पट्ट्याच्या जातीचे. त्याचे वजन सुमारे १.२ किलो, म्हणजे आधीच्या राक्षसाहून पुष्कळच कमी. ते लोकप्रिय झाले यात आश्चर्य नाही. सारांश, 'पट्ट्याचे रिव्हॉल्व्हर' ही जातच मुळी तडजोडीतून जन्मली. ज्याला मारा अधिक हवा त्याने खोगिराकडे जावे, ज्याला लपविणे हवे त्याने खिशाकडे. मधला मार्ग तो पट्ट्याचा.

हा प्रवास पुढेही चालू राहिला. १९२७ साली कोल्टनेच 'डिटेक्टिव्ह स्पेशल' काढले. दोन इंचांची नळी, सहा काडतुसे, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. १९५० साली स्मिथ अँड वेसन या कारखान्याचे 'चीफ्स स्पेशल' आले. त्यात एक घर कमी केले, सहाऐवजी पाच. एका काडतुसाचा त्याग कशासाठी? तर जाडी कमी व्हावी म्हणून. कमरेला लावलेले रिव्हॉल्व्हर सदऱ्याखालून दिसते ते नळीमुळे नव्हे. नळी मांडीच्या रेषेत लपून जाते. फुगवटा दिसतो तो चक्राचा. पाच घरांचे चक्र त्या मानाने बारीक, म्हणून अंगाला चिकटून बसते.

येथे कुणी म्हणेल, मग वजन कमी करीतच जावे. पण निसर्ग फुकट काही देत नाही. काडतूस तेच ठेवून शस्त्र हलके केले, तर मागे बसणारा धक्का हातालाच सोसावा लागतो. जड रिव्हॉल्व्हर तो धक्का स्वतःच्या अंगावर घेते. हलके ते सरळ मनगटाकडे पाठवून देते. पाच बार काढल्यावर ज्याचा तळहात झिणझिणतो, तो माणूस सरावाला जाण्याचे टाळू लागतो, आणि सराव नसलेल्या हातातील शस्त्राइतके घातक दुसरे काही नाही. नळीचेही तसेच. आखूड नळी बसताउठता टोचत नाही, पटकन बाहेर येते. परंतु तिच्यावरील पुढची आणि मागची माशी यांतील अंतर कमी असल्यामुळे नेमातली लहानशी चूक दूरवर मोठी होते. तीन-चार इंचांची नळी आणि सहाशे ते नऊशे ग्रॅम वजन, एवढ्या परिघात बहुतेक शहाण्या माणसांची निवड येऊन थांबते, ती याच कारणाने.

आता या सर्वांहून महत्त्वाच्या गुणाकडे येतो. कमरेच्या शस्त्राचा पहिला गुण म्हणजे उडणे हा नव्हे. नको तेव्हा न उडणे, हा पहिला गुण होय. वायट अर्प हे नाव इंग्रजी चित्रपट पाहणाऱ्यांना परिचित आहे. १८७६ सालच्या जानेवारीत तो कॅन्सस प्रांतातील विचिटा गावी पोलिसात होता. एका रात्री मद्यगृहाच्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसला असता त्याचे रिव्हॉल्व्हर खोळीतून घसरले, खाली पडताना घोड्यावर आपटले आणि बार उडाला. गोळी त्याच्या कोटातून आरपार गेली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. एवढा नामांकित शिपाई, पण त्या रात्री त्याला धोका होता तो फक्त स्वतःच्या कमरेपासून. जुन्या रिव्हॉल्व्हरांत घोड्याची अणी थेट काडतुसावर टेकलेली असे. म्हणून जाणते लोक सहापैकी पाचच घरे भरीत आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवीत.

पुढे कारागिरांनी यावर उपाय शोधले. १८८७ साली स्मिथ अँड वेसनने घोडा आतच लपविलेले रिव्हॉल्व्हर काढले. मुठीच्या पाठीवरील खटका दाबला जाईपर्यंत ते उडत नसे. मुलांच्या दुबळ्या हातांनी ते उडू नये, हा त्यामागचा विचार सांगितला जातो. तरीही १९४४ साली, युद्धकाळात, एका जहाजाच्या डेकवर पडलेले रिव्हॉल्व्हर उडाले आणि एका खलाशाचा प्राण गेला. तेव्हा त्याच कारखान्याला घोड्याला अडविणाऱ्या पट्टीची रचना नव्याने करावी लागली. १९७३ साली रूगर या अमेरिकन कारखान्याने आपल्या रिव्हॉल्व्हरांत आणखी एक युक्ती आणली: घोडा आणि काडतुसावर आपटणारी अणी यांच्यामध्ये एक पट्टी, जी चाप ओढून धरला असेल तरच वर येते. चाप सुटा असेल तर घोड्याचा आघात अणीपर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा रिव्हॉल्व्हर निवडणाऱ्याने मारा विचारण्याआधी हे विचारावे, की हे जमिनीवर पडले तर काय होईल? जुने, वडिलोपार्जित, सुंदर कोरीव मुठीचे शस्त्र वारशाने आले असेल, तर ते कपाटात शोभेल. कमरेला शोभेलच असे नाही.

चापाचे वजन हाही याच विचाराचा भाग. घोडा आधी मागे ओढून ठेवला तर चाप दीड-दोन किलोंच्या दाबाने सुटतो. घोडा न ओढता नुसता चाप ओढला, तर पाच किलोंच्या आसपास जोर लागतो. नवशिक्याला पहिली रीत गोड वाटते. पण भीतीने थरथरणाऱ्या बोटाला दोन किलो म्हणजे काहीच नाही. कमरेच्या शस्त्राला तो लांब, जड ओढाच बरा. तो ओढा म्हणजे विचार करायला मिळालेला अर्धा क्षण आहे.

शस्त्राइतकाच पट्टाही निवडावा लागतो, हे लोक विसरतात. पाऊण किलोचे ओझे मऊ पट्ट्याला लावले की तो वाकतो, शस्त्र कलते, आणि माणूस दिवसभर ते सावरीत राहतो. वारंवार कमरेकडे जाणारा हात जगाला सगळे सांगून टाकतो. पट्टा रुंद आणि ताठ हवा. खोळ अशी हवी की चाप पूर्णपणे झाकला जाईल आणि धावताना, वाकताना शस्त्र आपोआप निघणार नाही. आणि आपल्याकडे घाम व पाऊस यांचा विचार करावा लागतो. कोकणच्या पावसाळ्यात पोलाद एका रात्रीत तांबूस होते. १९६५ सालापासून न गंजणाऱ्या पोलादाची रिव्हॉल्व्हरे मिळू लागली, तरी तीही पुसावी लागतात. आणि चामडे ओल धरून ठेवते, म्हणून रात्री शस्त्र खोळीत ठेवू नये.

आपल्या देशात निवडीला कायद्याचीही चौकट आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम हे तिचे दोन खांब. अडतीस बोअर किंवा नऊ मिलिमीटर ही सामान्य नागरिकाला निषिद्ध. त्यामुळे निवड बहुधा बत्तीस बोअरवर येते. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर आपल्याकडे वर्षानुवर्षे परिचित आहे. नळी खाली मोडून उघडायचे, जुन्या विलायती वेब्लीच्या वळणाचे. २०१४ साली तेथूनच 'निर्भीक' हे सुमारे पाचशे ग्रॅमचे हलके रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून बाहेर आले. त्याची किंमत त्या वेळी लाखाच्या वर होती. नियमांनी शस्त्र-प्रशिक्षण घालून दिले आहे. सार्वजनिक जागी शस्त्र खोळीत आणि झाकलेले असावे, असेही सांगितले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नात, मिरवणुकीत आनंदाचे बार उडविणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरविला. म्हणजे कमरेचे शस्त्र मिरविण्याचा दागिना नव्हे, हे कायद्यानेही बजावले आहे.

ज्या अमेरिकेतून हे यंत्र आले, तेथेही कमरेचा प्रश्न जुनाच आहे. चित्रपट पाहून आपणांस वाटते, की तेथे जो तो कमरेला रिव्हॉल्व्हर लावून फिरे. वस्तुतः ॲरिझोनातील टूम्बस्टोन गावाने १८८१ साली नियमच केला होता, की गावात शस्त्र बाळगून फिरू नये. २६ ऑक्टोबर १८८१ ची ती प्रसिद्ध चकमक, अर्धा मिनिट चाललेली आणि तिघांचे प्राण घेणारी, शस्त्रे काढून घेण्यासाठी गेलेल्या अधिकाऱ्यांच्या निमित्तानेच घडली. न्यूयॉर्कने १९११ साली परवान्याचा कडक कायदा केला. त्या परवाना-पद्धतीतील एक महत्त्वाची अट तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली रद्द ठरविली. वाद संपलेला नाही. त्याच न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९३ पासून नव्या शिपायांना रिव्हॉल्व्हर देणे थांबविले आणि २०१८ साली उरलेलीही मोडीत काढली. कारण दांडीत अधिक काडतुसे मावणारी पिस्तुले आली. तरी रिव्हॉल्व्हर टिकून आहे ते साधेपणामुळे. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढावा, पुढचे घर समोर येते.

असो. आता आमच्या सराफांची गोष्ट पुरी करतो. आम्ही त्यांना म्हटले, "शेठ, तुमच्या दुकानात वजने आहेत. अर्धा किलो आणि दोनशे ग्रॅम अशी दोन वजने चामडी पिशवीत घाला, ती पिशवी कमरेच्या पट्ट्याला लावा, आणि आठ दिवस तसेच वागा. गादीवर बसा, गाडी चालवा, लग्नाला जा, देवळात जा. रात्री पिशवी कुलपात ठेवा आणि किल्ली जवळ ठेवा. मग निवड करू."

ते हसले, पण माणूस शब्दाचा पक्का. चौथ्या दिवशी त्यांचा निरोप आला, म्हणून आम्ही दुकानात गेलो. त्यांचा चेहरा उतरलेला होता. दुपारी उकाड्याने पिशवी टोचू लागली, म्हणून त्यांनी ती काढून गादीशेजारी ठेवली आणि ते जेवायला घरी गेले. परत आले तेव्हा त्यांचा सहा वर्षांचा नातू ती पिशवी उघडून दोन्ही वजने एकमेकांवर रचीत बसला होता.

"वजनेच होती," ते म्हणाले, आणि पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांनी चौकशी सोडली नाही. मालाची ने-आण आता दिवसाउजेडी, दोघे मिळून आणि दर वेळी निराळ्या वाटेने होते. दुकानाला नवी तिजोरी आली आहे. अर्ज मात्र अजून त्यांच्या टेबलाच्या खणात पडून आहे. तो द्यावा की नाही, हे आम्ही त्यांना सांगितलेले नाही. ज्याला खरोखरीच धोका आहे आणि जो हे ओझे दिवसाचे बारा तास, वर्षाचे बारा महिने, एकदाही न विसरता वाहू शकतो, त्याने ते अवश्य वाहावे. कमरेचे शस्त्र आयुष्यात कदाचित एकदाही उडणार नाही. वाहावे मात्र रोज लागेल. म्हणून निवड करायची ती त्या एका क्षणाकडे पाहून नव्हे, तर या रोजच्या दिवसांकडे पाहून करावी, एवढेच आमचे सांगणे.