खो, खांब आणि कच्चा लिंबू
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी फोन केला तेव्हा विषय ठरवूनच केला होता, 'कॉम्प्युटर क्षेत्रातील संधी'. त्या विषयावर तुम्हाला माझ्यापेक्षा तुमचा मोबाईल जास्त सांगतो. मी म्हटलं, मला खेळाच्या कवितांवर बोलू द्या. पलीकडे जरा वेळ शांतता. मग आवाज आला, "चालते. पण लवकर आवरा, पंगत वाट पाहते."

कारण असं की, शाळेच्या वाचनालयासाठी आपण सगळ्यांनी जे पैसे जमवले त्यातून घ्यायच्या पुस्तकांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. आलेल्या सूचनांमध्ये स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं होती, थोरांची चरित्रं होती, कवितांचीही होती. पण संध्याकाळी मैदानावरून धुळीने माखून येणारी मुलगी आपणहून उचलेल असं कवितेचं एकही पुस्तक त्यात नव्हतं.

असं एक पुस्तक मला माझ्या मुलामुळे माहीत झालं. क्वामे अलेक्झांडर या अमेरिकन कवीचं 'द क्रॉसओव्हर'. 2014 साली आलं, 2015 साली त्याला न्यूबेरी पदक मिळालं. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकासाठी हा मोठा मान. अख्खी कादंबरी कवितांमध्ये आहे. जॉश आणि जॉर्डन हे जुळे भाऊ, दोघंही बास्केटबॉल खेळणारे, वडील एकेकाळचे व्यावसायिक खेळाडू. पुस्तकाचे भागही सामन्यासारखे पाडलेत: आधी वॉर्म-अप, मग चार क्वार्टर, शेवटी ओव्हरटाइम. काही पानांवर शब्द पळतात, उड्या मारतात, खाली घसरतात. 'क्रॉसओव्हर' म्हणजे चेंडू झटकन एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन समोरच्याला चकवणं. पण पुस्तक पुढे जातं तसा त्या शब्दाचा दुसरा अर्थ उघडत जातो. बालपणाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाणं, आणि ते दोघा भावांना एकाच वेळी न जमणं.

जॉर्डनला एक मैत्रीण मिळते आणि जॉश एकटा पडतो. तो हे कुणाला सांगत नाही. एका सामन्यात तो भावाच्या तोंडावर इतक्या जोरात चेंडू फेकतो की रक्त येतं. त्याला संघातून बसवतात. पुढचं सांगत नाही, वाचणाऱ्यांची मजा जाईल. मला त्यात जे महत्त्वाचं वाटलं ते एवढंच: त्या मुलाला 'मला तुझा हेवा वाटतो' हे म्हणता येत नाही, पण चेंडूबद्दल तो पानंच्या पानं बोलू शकतो. खेळाची भाषा त्याला बोलायला वाट करून देते.

आता कोणी म्हणेल, हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडे काय? आपल्याकडे तर खेळाची भाषा जागोजागी सांडलेली आहे. निवडणुकीच्या बातम्या उघडा. कोणी शड्डू ठोकतो, कोणी दंड थोपटतो, कोणाला धोबीपछाड बसते, कोणी चारीमुंड्या चीत होतो. अर्धं राजकारण आपण आखाड्यातून उचललं आहे. तुकाराम महाराजांच्या गाथेत फुगडी, हमामा, हुतुतू, विटीदांडू, चेंडूफळी यांवरचे अभंग आहेत. मुलांच्या खेळातून थेट संसार आणि परमार्थ. म्हणजे ही परंपरा आपल्याला बाहेरून आणायची नाही.

मात्र भावंडांचं तसं नाही. मला आठवतात त्या शाळेतल्या कवितांमध्ये भाऊ-बहीण येतात ते राखी आणि भाऊबीज घेऊनच. ओवाळतात, डोळे पुसतात, एकमेकांसाठी जीव टाकतात. ते खोटं नाही. पण एकाच सायकलवरून, एकाच खिडकीजवळच्या जागेवरून, आईच्या एका शाबासकीवरून जी रोजची लढाई चालते, ती त्या कवितांत मला कधी दिसली नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये अंबादासपंत आणि अनंत वैद्य या दोन भावांनी उभं केलं. त्याच मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डी दाखवली. दोन भाऊ आणि एक आखाडा! लहानपणी कोण वर आणि कोण खाली, हे त्यांच्यातही झालंच असेल. अशा भावांवरची एखादी कविता मी सहावीत आनंदाने पाठ केली असती.

पाठांतरावरून आठवलं. दहावीला आपण अलंकार कसे शिकलो? 'सम, समान, सारखा, जणू' दिसलं की उपमा किंवा उत्प्रेक्षा, काहीच दिसलं नाही तर रूपक. उदाहरण लिहा, मार्क घ्या, पुढचा प्रश्न. माझ्या कामात एका शब्दाचा एकच अर्थ असावा लागतो, नाहीतर प्रोग्राम अडतो. वीस वर्षं ते केल्यावर दोन अर्थांचे शब्द फार आवडायला लागतात.

'खो' हा तसा शब्द आहे. मैदानाबाहेर कोणी 'खो घातला' म्हणजे काम बिघडवलं, आडवा आला. मैदानावर मात्र आपण 'खो दे, खो दे' म्हणून घसा कोरडा करतो. तिथे खो म्हणजे आपली पळण्याची पाळी दुसरीच्या हाती देणं. नियम आठवून पाहा. आठ जणी चौकात बसलेल्या, एकीआड एकीचं तोंड उलट्या दिशेला. नववी पळते. ती बसलेलीच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणते आणि तिच्या जागी बसते. जी उठते तिने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत तिला मागे वळता येत नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले, मुलींची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. तो सामना पाहताना मी पळणाऱ्या पोरींपेक्षा बसलेल्यांकडेच बघत होते.

त्याला कारण आहे. माझी धाकटी बहीण तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि हे मी तिला विचारून सांगते आहे.

आम्ही दोघी याच मैदानावर खेळलो. ती दोन वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा कितीतरी चपळ. घरी वाटणी ठरलेली होती, मोठी अभ्यासात, धाकटी खेळात. अशी वाटणी मोठ्या माणसांच्या सोयीची असते. मला तिचे पाय हवे होते, तिला माझे मार्क. ती मला खो द्यायला आली की पाठीवर हात जरा जोरातच पडायचा. पंचांना तो खो वाटायचा, मला पाठीतला धपाटा कळायचा.

1998 मध्ये मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. बागेचं त्या वर्षी काही खरं नव्हतं. तिची निवड शिबिरासाठी झाली होती. ती गेली नाही. जाऊ नको असं तिला कोणीच म्हणालं नाही. आमच्याकडे असे निर्णय कोणी घेत नाही, ते होऊन जातात. मी पळत सुटले, आणि या खेळात मागे वळता येत नाही हे मी आत्ताच सांगितलं.

हे सगळं मी पहिल्यांदा तिच्यापुढे बोलले ते गेल्या दिवाळीत, तिच्या पन्हेरीच्या बांधावर. मला वाटलं ती रडेल किंवा चिडेल. ती जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधत होती, हात थांबवला नाही. म्हणाली, "बसलेली आऊट नसते, ताई. बसलेलीलेच खो भेटते." आज शेंदूरजनाघाटची संत्र्याची कलमं लांबलांबच्या बागांत जातात, त्यात तिचीही असतात. आणि संध्याकाळी ती याच मैदानावर मुलींना खो-खो शिकवते.

काल सकाळी मी सहावी-सातवीच्या मुलांसोबत तासभर बसले. एकच काम दिलं: आपला भाऊ किंवा बहीण खेळातलं काय आहे ते लिहा, 'सारखा' शब्द न वापरता. पहिली दहा मिनिटं सगळे विराट आणि धोनी झाले. मग एका मुलीने लिहिलं, "ताई खांब आहे. तिले वळसा घातल्याशिवाय मले पलीकडे जाता येत नाही." एकाने लिहिलं, "दादा टॉस आहे. मी खेळाच्या आधीच हरतो." सगळ्यात लहान दिसणाऱ्या पोराने कागद घडी करून दिला: "मी कच्चा लिंबू. मी आऊट होत नाही, पण मले कोणी पकडतच नाही."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. ज्यांच्या घरी तीन-चार भावंडं होती त्यांना कच्च्या लिंबाचं दुःख समजावून सांगायला नको. (आपल्या गावात लिंबाच्या खुंटावरच संत्रं बांधतात, हे मी त्याला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "माहीत हाय.")

तर यादीबद्दल. 'द क्रॉसओव्हर'च्या दोन प्रती मी घेतल्या आहेत. इंग्रजी सोपं आहे, नववीच्या मुलांना सरांच्या मदतीने जमेल. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं, त्याची वर्गणी भरली आहे. उरलेल्या पैशांतला थोडा भाग मुलांच्या स्वतःच्या हस्तलिखितासाठी ठेवावा, दरवर्षी एक, विषय खेळ, अशी समितीला विनंती आहे. मुलांना भांडणं लिहू द्यावीत. शुद्धलेखन तपासावं, भांडण तपासू नये.

कालच्या ओळी जिन्याखालच्या फळ्यावर लावल्या आहेत. खाली नावं नाहीत, ती मुलांचीच अट होती. पंगत बसायच्या आधी वाचून या. भावंडं सोबत आली असतील तर त्यांनाही न्या.