हंगामी नव्हे, अध्यक्ष



अमेरिकेच्या अध्यक्षांमध्ये ‘पहिला’ कोण, याच्या याद्या आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतही सापडतात. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. व्हाइट हाउसमध्ये राहायला गेलेले पहिले जॉन ॲडम्स. पहिले कॅथलिक केनेडी, पहिले कृष्णवर्णीय ओबामा. अशा यादीत जॉन टायलर यांच्यापुढे एकच ओळ असते: अध्यक्षाच्या मृत्यूमुळे त्या पदावर आलेले पहिले उपाध्यक्ष. ही ओळ वाचून आपण पुढे जातो. मला मात्र आज तिथंच थांबायचं आहे.

४ मार्च १८४१. अडुसष्ट वर्षांच्या विल्यम हेन्री हॅरिसन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. दिवस थंडीचा होता. अंगात ओव्हरकोट न घालता ते जवळजवळ दोन तास बोलले. बरोबर एका महिन्यानं, ४ एप्रिलला, त्यांचं निधन झालं. पदावर असताना अध्यक्ष जाण्याची ही पहिलीच वेळ.

उपाध्यक्ष टायलर तेव्हा व्हर्जिनियात विल्यम्सबर्गला आपल्या घरी होते. तारायंत्र अजून आलेलं नव्हतं. निरोप्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या दारात पोचला आणि त्यानंतरच्या पहाटे टायलर राजधानीत दाखल झाले.

आता प्रश्न असा, की ते आले ते कोण म्हणून? घटनेत लिहिलं होतं की अध्यक्षाचा मृत्यू झाला, तर ‘ते’ उपाध्यक्षाकडे जाईल. ते म्हणजे काय? पद, की नुसते अधिकार आणि कामं? वाक्य दोन्हीकडे वळतं. हा फरक आपल्याला समजावून सांगायला नको. मुख्याध्यापक निवृत्त झाले, की शाळेत ‘प्रभारी’ येतात. कामं सगळी तीच करतात, पण खुर्ची आपली नाही हे त्यांनाही माहीत असतं आणि शिपायालाही. सहीच्या वर ‘करिता’ लिहिलं, की त्या कागदाचं वजन उतरतं.

टायलर यांना ‘करिता’ नको होतं. ६ एप्रिलला ब्राउन्स हॉटेलात न्यायाधीश विल्यम क्रँच यांनी त्यांना अध्यक्षपदाची शपथ दिली. टायलर यांचं म्हणणं असं, की उपाध्यक्षपदाची शपथ आपण घेतलेलीच आहे, दुसरीची गरज नाही. पण पुढे कुणी शंका काढू नये म्हणून घेतो. क्रँच यांनी ते तसंच लिहून ठेवलं. एवढी सावधगिरी ज्याला सुचली, त्याला समोरचं वादळ दिसत होतं, असंच मी म्हणेन.

वादळ आलंच. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांना हा दावा मान्य नव्हता. विरोधक टायलर यांना ‘अपघातानं आलेले महाराज’ म्हणून हिणवत. ‘हंगामी अध्यक्ष’ असा पत्ता घातलेली पत्रं टायलर न फोडता परत पाठवत, असं सांगतात. मंत्रिमंडळानं सुचवलं, की निर्णय बहुमतानं घेऊ. तेही त्यांनी धुडकावलं. सप्टेंबरमध्ये डॅनियल वेब्स्टर सोडून सगळ्या मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि ज्या व्हिग पक्षानं त्यांना निवडून आणलं, त्यानंच त्यांना बाहेर काढलं. पण पद त्यांनी सोडलं नाही. संसदेनं आधीच, जूनमध्ये, त्यांना अध्यक्ष म्हणून संबोधणारा ठराव केला होता.

टायलर थोर होते, असं मी म्हणणार नाही. ते गुलामांचे मालक होते. पुढे यादवी युद्धात ते फुटीर दक्षिणेच्या बाजूनं उभे राहिले आणि १८६२ साली वारले तेव्हा तिथल्या संसदेवर निवडून आलेले होते. पण एप्रिल १८४१ मध्ये ते डगमगले असते, तर पुढच्या प्रत्येक वेळी देशाला अर्धवट अधिकाराचा माणूस मिळाला असता. लिंकन यांच्या हत्येनंतर अँड्र्यू जॉन्सन आले, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रूझवेल्ट गेल्यावर ट्रुमन आले. हे अध्यक्ष की हंगामी, असा वाद राज्य खोळंबून राहील इतका वाढलाच नाही.

आपल्या घटनाकारांनी मुद्दाम दुसरी वाट धरली. आपल्याकडे उपराष्ट्रपती हे राष्ट्रपतींचं काम पाहतात, तेही सहा महिन्यांत नवी निवडणूक होईपर्यंत. ३ मे १९६९ रोजी झाकिर हुसेन गेले तेव्हा व्ही. व्ही. गिरी हंगामीच राहिले आणि राष्ट्रपती व्हायला त्यांना निवडणूक लढवावी लागली. आपल्या राष्ट्रपतींच्या हाती रोजचा कारभार नसतो, म्हणून हे आपल्याला चालतं. जिथं सारा कारभार एकाच माणसाच्या हाती, तिथं टायलर यांचाच अर्थ बरोबर होता, असं माझं ठाम मत आहे.

गंमतीची नाही, काळजी वाटावी अशी गोष्ट ही, की हा अर्थ सव्वाशे वर्षं नुसत्या रिवाजावर चालला. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसला केनेडी यांची हत्या झाली. लिंडन जॉन्सन यांनी तिथल्याच विमानतळावर, विमानाच्या चिंचोळ्या खोलीत उभ्यानं शपथ घेतली, तेव्हाही घटनेतलं ते संदिग्ध वाक्य जसंच्या तसं होतं. अध्यक्ष गेल्यास उपाध्यक्ष अध्यक्षच होतो, हे स्पष्ट शब्दांत लिहिणारी पंचविसावी घटनादुरुस्ती फेब्रुवारी १९६७ मध्ये मंजूर झाली. तोवर आठ उपाध्यक्ष याच वाटेनं अध्यक्ष झाले होते.