स्थूलता आणि आग्रह

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात जव्हार येथे केलेले भाषण)



जव्हार-मोखाड्याच्या भूमीवर उभे राहून लठ्ठपणावर बोलावयाचे, याचा आम्हांस प्रथम संकोच वाटला. सन १९९२-९३ मध्ये याच तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि आपल्या भागाचे नाव साऱ्या महाराष्ट्रास त्या दुःखद निमित्ताने ठाऊक झाले. पाड्यांवरील तो प्रश्न अद्याप संपलेला नाही. परंतु पेठेतील व नोकरदार वस्तीतील आपल्या घरांत रोग उलट्या बाजूने शिरला आहे, आणि या दोहोंचा संबंधही आहे. जेथे भूक डोळ्यांसमोर असते, तेथे सुटलेले पोट वैभवाचे लक्षण ठरते. ‘खात्यापित्या घरचा’ हे शब्द आपण कौतुकानेच उच्चारतो.

आमच्या वडिलांच्या पिढीने नागलीची भाकरी खाऊन घाट पायी चढले. आम्ही स्वतः नोकरीच्या आरंभी मोखाड्याकडील शाळेत टेकड्या ओलांडून जात असू. पुढे मोटारसायकल आली, चहाबरोबर फरसाण आले. ताटातील भात मात्र पूर्वीइतकाच राहिला. सेवानिवृत्तीच्या वर्षी वजन ८६ किलो भरले. किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे, हे गणित आम्ही मुलांस सहज शिकविले असते. स्वतःस घातले तेव्हा उत्तर ३१ च्या वर आले. भारतीयांकरिता २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता मानावी, असे आपल्याकडील तज्ज्ञांनी २००९ मध्ये ठरविले आहे.

हे ज्ञान झाले म्हणून वर्तन पालटले काय? मुळीच नाही. गोड सोडले, चार किलो उतरले, तोच एका लग्नात आप्तांनी गाठले. ‘‘गुरुजी, आजारी आहात की काय?’’ एकाने तर आमच्या सौभाग्यवतींस बाजूस घेऊन खरा आजार कोणता ते विचारले. मागून जिलेबी आली. नाही म्हणणे म्हणजे यजमानाचा अपमान. भिडेपोटी खाल्ले, आणि दोन महिन्यांत आम्ही पूर्वपदावर आलो.

दुसरी गोष्ट सांगताना लाज वाटते. वर्गातील एका स्थूल मुलास आम्ही ‘लंबोदर’ म्हणत असू. चेष्टेने तो धावू लागेल, अशी आमची समजूत. तो कवायतीच्या तासास दांडी मारू लागला आणि भिंतीकडे तोंड करून डबा खाऊ लागला. लाजविलेला माणूस शरीर हालवीत नाही, लपवितो. डॉक्टरकडेही जात नाही. हे आम्हांस फार उशिरा उमगले. तो विद्यार्थी आज चाळिशीत आहे, मधुमेही आहे, आणि रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. आम्हांस त्याच्याकडे पाहवत नाही.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील बारा हजारांवर माणसांच्या ३२ वर्षांच्या नोंदी तपासून क्रिस्ताकिस व फाउलर यांनी २००७ मध्ये मांडले की, मित्र स्थूल झाला तर आपण स्थूल होण्याचा संभव ५७ टक्क्यांनी वाढतो. सारख्या सवयीची माणसेच मित्र होतात, असा आक्षेप त्यावर आला. तो असो, पंक्तीत बसणाऱ्या आपणांस त्यातील मर्म सांगावयास नको. आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळा जेवण व रोज पाऊण तास चालणे यांचा प्रसार केला. त्या पद्धतीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून जेवण चुकवू नये. परंतु व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत अनोळखी माणसांनी एकमेकांस धीर दिला, हे तिचे बळ आम्ही मानतो.

आम्हीही दुसऱ्या खेपेस एकटे निघालो नाही. शेजारचे गृहस्थ पहाटे दारात येऊन खाकरतात. त्यांस परत कसे पाठवावयाचे? सौभाग्यवती आरंभी आल्या नाहीत. ‘‘या वयात रस्त्याने फिरत सुटले तर लोक काय म्हणतील?’’ पाच-सहाजणी मिळून निघाल्या, तेव्हा लोकांनी काही म्हटले नाही. घरातील स्त्री शेवटी जेवते आणि वाया जाऊ नये म्हणून पातेल्यातील उरलेलेही संपविते. हा तिचा खादाडपणा नव्हे, आपली रीत आहे. आता आमच्या घरी सर्व एकदम बसतात व भात मापून शिजतो. दीड वर्षात आमचे वजन ७९ वर आले. अजून पुष्कळ उतरावयाचे आहे.

आजच्या भोजनात कार्यकारी मंडळाने आमच्या विनंतीवरून आग्रहाची फेरी रद्द केली आहे. काही वडीलधाऱ्यांस ते रुचलेले नाही, हे आम्ही जाणतो. ज्यांस दुसरा लाडू हवा असेल त्यांनी तो निःसंकोच मागून घ्यावा. ज्यांस नको असेल त्यांस कोणी कारण विचारू नये.