आजाऱ्याभोवतीची माणसे

(हिंगणी येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मन आणि शरीर यांच्या संबंधाविषयी बोलताना मला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांपासून आरंभ करण्याची गरज वाटत नाही. कारण बोरच्या जंगलाला लागून ज्यांची शेते आहेत आणि रानडुकरांच्या भयाने ज्यांना रात्र रात्र जागलीला बसावे लागते, त्यांना तो संबंध स्वतःच्या देहावरूनच ठाऊक आहे. धुऱ्याशी काही सळसळले, वाघ असावा अशी नुसती शंका आली, की छाती धडधडू लागते, तोंडाला कोरड पडते आणि भूक, झोप, थकवा यांचा मागमूसही उरत नाही. वाघ अद्याप दिसलेला नसतो, कदाचित तो तेथे नसतोही. तरी मनात उठलेल्या एका शंकेने सर्व शरीराचा कारभार पालटलेला असतो.

या पालटाची शास्त्रीय मांडणी वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केली. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी भय किंवा क्रोध उत्पन्न होताच रक्तात आपला स्राव सोडतात, हृदयाची गती व रक्तदाब वाढतो, यकृतातील साखर रक्तात उतरते, आणि पचनासारखी सावकाश चालणारी कामे तेवढ्यापुरती तहकूब होतात. घटका-दोन घटकांसाठी ही तजवीज प्राणरक्षक आहे. परंतु वाघ निघून जातो, कर्जाचा तगादा निघून जात नाही. पऱ्हाटीची बोंडे सडली, वसुलीची मुदत टळली, भावाभावांत वाटणीवरून अबोला धरला गेला, म्हणजे तेच भय महिनोन्महिने अंगात मुक्कामाला राहते आणि जी व्यवस्था संकटापुरती होती तीच देहाची झीज करू लागते. २००४ साली ५२ देशांतील रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याची जी नऊ प्रमुख कारणे आढळली, त्यांत तंबाखू, मधुमेह आणि रक्तदाब यांच्याच पंक्तीला मानसिक ताणही होता.

मनोनिग्रह केला म्हणजे हे सारे टळते, असा उपदेश आपण आजाऱ्याला फार सहज करतो. परंतु ज्यांच्या मनोनिग्रहाविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करणार नाही, त्या गांधीजींचीच गोष्ट पाहा. १९३७ च्या ऑक्टोबरात, २६ तारखेला, त्यांचा रक्तदाब १९४ वर १३० असल्याची नोंद आहे. एका आकड्याचे कारण एकाच गोष्टीत शोधणे युक्त नव्हे. तथापि चिंतेचा भार संयमी पुरुषाच्या रक्तवाहिन्यांनाही चुकत नाही, एवढे त्यावरून मानण्यास हरकत नाही. मग कर्जाने पिचलेल्या माणसाला ‘मन घट्ट कर’ एवढेच सांगून आपली जबाबदारी संपते काय?

माझे मत असे आहे, की आजाऱ्याच्या मनाची जबाबदारी त्याच्या एकट्याची नसून त्याच्याभोवतीच्या माणसांची अधिक आहे. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले, वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. आणि परिचारकाच्या गुणांत सेवेचे ज्ञान, दक्षता व शुचिता यांच्याबरोबर त्यांनी अनुरागही गणला. प्रेम ही त्यांच्या लेखी चिकित्सेची सामग्री होती.

१९३९ साली परचुरेशास्त्री गांधीजींच्या सेगावच्या, म्हणजे आजच्या सेवाग्रामच्या, आश्रमात आले. संस्कृतचे विद्वान, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या सहवासात राहिलेले; परंतु कुष्ठरोगाने ग्रासलेले, आणि त्या काळी कुष्ठरोग्याला घर, गाव व पाणवठा तिन्ही पारखे होत. गांधीजींनी त्यांना आपल्या निवासाजवळ कुटी बांधून दिली आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. ती परचुरे कुटी आजही सेवाग्रामला पाहावयास मिळते. त्या स्पर्शाने रोगजंतू मेले असे मी म्हणणार नाही. या रोगावरील प्रभावी सल्फोन औषधे अमेरिकेत १९४१ नंतर वापरात येऊ लागली, आणि मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली उभारलेल्या दत्तपूरच्या कुष्ठधामात शास्त्रीजींनी १९४५ साली देह ठेवला. परंतु ज्याच्या जखमा कोणी किळस न करता पाहते, ज्याच्या पानात वेळेवर अन्न पडते आणि ज्याच्याशी बोलायला माणूस असते, त्याचा देह रोगाशी एकाकी झुंजत नाही.

आज या रोगाचे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. तरीही माणूस अंगावरचा बधिर चट्टा लपवितो, सोयरिकीला बाध येईल म्हणून घरची माणसेही तो लपवितात, आणि औषध सुरू होईपर्यंत बोटे वाकलेली असतात. जंतूचा इलाज सापडला. गावाच्या नजरेने केलेली ही इजा मात्र गावानेच थांबवावयाची आहे.

सेवा करणाऱ्याचाही विचार येथे केला पाहिजे. १९९५ साली अमेरिकेतील ओहायोच्या संशोधकांनी, स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची लहानशी जखम करून ती भरून येण्यास लागणारा काळ मोजला. तशी जबाबदारी नसलेल्या स्त्रियांपेक्षा त्यांना सुमारे नऊ दिवस अधिक लागले. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचे सारे करणारी जी सून आपल्या शेजारी आहे, तिच्या देहातही हेच घडत असणार. आणि तिला आपण ‘मोठी सोशिक’ म्हणून मोकळे होतो.

शासनाने २०१५ साली विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आपला वर्धा जिल्हाही आहे. आशाताई घरोघरी जाऊन खचलेल्या शेतकऱ्यांची विचारपूस करतात. त्यांना दारातून परत पाठवू नका. पारावर येणे ज्याने बंद केले असेल त्याच्या घरी आपण होऊन जा. त्याला उपदेश करू नका, त्याचे ऐकून घ्या, आणि गरज दिसली तर सेलूच्या किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात त्याच्याबरोबर जा. औषधाच्या गोळ्या बंद करावयास कोणी सांगेल तर त्याचे ऐकू नका. औषध आणि आपुलकी ही एकमेकांची जागा घेणारी साधने नव्हेत. आठवड्यातून एक दिवस त्या सुनेच्या हातचे काम आपल्या हाती घ्या. भावाशी अबोला असेल तर या दिवाळीला तुम्हीच आधी बोला. त्याच्या तब्येतीसाठी बोला आणि तुमच्याही.