कान ठणकतो तेव्हा

झाशीचा हिवाळा कडक असतो. जानेवारीत किल्ल्याच्या तटावर धुके उतरते, घरोघरी शेगड्या पेटतात, दारेखिडक्या मिटतात, आणि लहान मुलांच्या पडशाखोकल्याला सुरुवात होते. नेवाळकरांच्या अमदानीपासून त्या शहरात नांदत आलेल्या मराठी घरांपैकी कोणतेही एक घर डोळ्यांपुढे आणावे. दीड वर्षाच्या मुलाचे नाक चार दिवस गळत असते. पाचव्या रात्री ते किंचाळत उठते, कान ओढू लागते, दूध तोंडाला लावू देत नाही. आजी मोहरीच्या तेलात लसणीची पाकळी टाकून ते शेगडीवर कढत ठेवते. बाप रात्री उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या औषधाच्या दुकानाकडे धावतो आणि मागच्या खेपेच्या बाटलीचे नाव सांगून तीच पुन्हा मागतो. दोघांची माया खरी. उपाय मात्र दोघांचेही तपासून पाहण्याजोगे आहेत.

दुखणे कोठे आहे, हे आधी समजले पाहिजे. कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक इवलीशी पोकळी असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. या पोकळीतून घशाच्या मागल्या बाजूस एक नळी जाते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाकी याचे नाव तिला मिळाले आहे. मोठ्या माणसाची ही नळी लांब आणि उतरती असते. मुलाची आखूड आणि जवळजवळ आडवी. पडशाने तिचे तोंड सुजते, आतली हवा कोंडते, पाणी साचते, आणि नाकाघशातले जंतू त्या पाण्यात वाढू लागतात. पू पडद्याला आतून रेटतो. ठणका असतो तो या रेट्याचा. कढवलेले तेल पडद्याच्या बाहेरच राहते, मग ते आतल्या पुवाला काय करणार? पडदा फाटलेला असेल तर मात्र तेच तेल आत उतरून अपाय करते.

हा रोग जुना आहे. सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले. कर्णशूल, कर्णस्राव, पूतिकर्ण ही नावे त्यांतलीच. पाश्चात्त्य देशांतही गेल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मुलाचा कान दुखू लागला की घर हादरत असे, कारण हा पू कानामागच्या हाडात शिरे आणि तेथून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचे. शल्यवैद्य छिन्नी-हातोडीने ते हाड कोरून पुवाला वाट करून देत. डब्लिनचे सर विल्यम वाइल्ड हे कानाचे नामांकित शल्यवैद्य. कानामागे घ्यावयाच्या एका छेदाला त्यांचेच नाव आहे. त्यांचा मुलगा ऑस्कर वाइल्ड 1900 साली पॅरिसमध्ये मेंदूच्या आवरणाच्या दाहाने गेला, आणि त्या दाहाचे मूळ कानातच होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कानाच्या दुखण्याने मोठ्यांची घरेही ओळखली नाहीत.

1935 नंतर सल्फा औषधे आली आणि पाठोपाठ पेनिसिलिन. फ्लेमिंगने 1928 साली बुरशीचा तो गुण पाहिला, फ्लोरी आणि चेन यांनी त्याचे औषध केले. भारतात ते तयार होऊ लागले ते पुण्याजवळच्या पिंपरीस. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, आणि पुढल्या वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. 1968 साली झाशीत महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय निघाले. हाड कोरण्याची शस्त्रक्रिया, जी पूर्वी नित्याची होती, ती विरळ झाली. हे ऋण मान्य केल्यावाचून पुढचा प्रश्न विचारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

पुढचा प्रश्न असा: ठणकणाऱ्या प्रत्येक कानाला प्रतिजैविक हवे काय? हॉलंडमधील वैद्यांनी 1980 च्या सुमारास धीर करून काही मुलांना प्रथम नुसते वेदनाशामक देऊन पाहिले. बहुतेक मुले बरी झाली. त्यानंतर निरनिराळ्या देशांत झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र मांडण्यात आले, तेव्हा असे आढळले की शंभरांतील साठ मुलांचे दुखणे, प्रतिजैविक दिले काय आणि न दिले काय, चोवीस तासांत थांबते. दोन-तीन दिवसांनंतरचे पाहू गेल्यास वीस मुलांना औषध द्यावे तेव्हा एका मुलाचा ठणका अधिक लवकर जातो. उलट चौदांमागे एकाला त्या औषधाचाच उपद्रव होतो: जुलाब, ओकारी किंवा अंगावर पुरळ. पहिल्या रात्री मुलाला जे हवे असते ते वेदनाशामक, त्याच्या वजनाला बेताचे पॅरासिटामॉल. आणि नेमके तेच देण्याचे बाप घाईत विसरतो.

परंतु या आकड्यांवरून औषधच नको, असे कोणी समजेल तर तो घात होईल. सहा महिन्यांच्या आतील मूल, दोन वर्षांखालचे आणि दोन्ही कान सुजलेले मूल, 102 अंशांवर ताप, सोसवत नाही असा ठणका, कानातून पू: अशा वेळी थांबावयाचे नसते. कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकलली गेली, मान ताठली, चेहरा एका बाजूला वाकडा झाला, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. ज्या मुलांचे दुखणे सौम्य आहे त्यांनाच दोन-तीन दिवस पाहत राहावे असे वैद्यकशास्त्र सांगते. आणि पाहत राहणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे; उतार न पडल्यास पुन्हा दाखविता येईल असा वैद्य हाताशी असणे, ही त्याची पहिली अट आहे. झाशीतील घराला ती पाळता येते. मऊ-राणीपूरपलीकडच्या खेड्यातून दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या आईला ‘परवा पुन्हा या’ असे सांगणे सोपे नाही. तिच्या बाबतीत वैद्य औषध लवकर लिहून देतो, त्यात त्याची चूक काढण्यापूर्वी तिचा रस्ता मोजावा.

एकदा सुरू केलेले औषध मात्र पुरे झाले पाहिजे. दोन वर्षांखालील मुलांना दहा दिवसांऐवजी पाचच दिवस औषध देऊन पाहिलेल्या एका अमेरिकन प्रयोगाचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. पाच दिवसांच्या गटात शंभरांतील चौतीस मुलांना गुण आला नाही. दहा दिवसांच्या गटात हे प्रमाण सोळा होते. ठणका तिसऱ्या दिवशी थांबतो, बाटली कपाटात जाते, आणि पुढल्या पडशात धाकट्या भावंडाला त्यातलेच दोन चमचे मिळतात. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात, ही सूचना फ्लेमिंगने 1945 साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच दिली होती. काही निवडक प्रतिजैविकांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणे 1 मार्च 2014 पासून दुकानदारावर बंधनकारक आहे. वह्या ठेवल्या जातात. पण रात्री दहा वाजता ओळखीच्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठविणे वहीत लिहिण्याइतके सोपे नसते.

वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानाची गोष्ट वेगळी आहे. पडद्याला पडलेले भोक बुजत नाही, मूल तलावात पोहते, पू पुन्हा येतो. अशा कानाला पोटातून घ्यावयाच्या औषधाचा फारसा उपयोग नसतो. स्वच्छ कापडाची वात करून कान दिवसातून चार वेळा कोरडा करावा आणि वैद्याने दिलेले थेंब घालावे. थेंबही दुकानदाराच्या मनचे नसावेत. जेंटामायसिनच्या कुळातील औषधे फाटक्या पडद्यातून आत गेल्यास ऐकण्याच्या तंतूंनाच इजा करू शकतात.

ठणका गेला तरी पडद्यामागचे पाणी लगेच ओसरत नाही. दोन आठवड्यांनी निम्म्याहून अधिक मुलांच्या कानांत ते असते. तीन महिन्यांनी दहांपैकी एखाद-दोघांच्या. ते दुखत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मूल हाक मारल्यावर वळत नाही, शब्द अर्धवट उच्चारते, शाळेत मागच्या बाकावरून फळ्याकडे नुसते पाहते, आणि मास्तर त्याला मंद ठरवितात. झाशीच्या त्या घरात मराठी आजीशी, हिंदी गल्लीशी बोलावयाची. दोन्ही भाषा ज्या वयात कानावाटे आत यावयाच्या, नेमके तेच हे वय. म्हणून तीन महिन्यांनी, मूल हसतेखेळते असले तरी, कान पुन्हा दाखवून आणावा. त्याआधी घरच्या घरी करता येईल असे एक काम आजीचेच आहे: मूल खेळात रमले असता त्याच्या पाठीमागे चार हातांवर उभे राहावे, आणि हलक्या आवाजात, चेहरा न दाखविता, त्याला नावाने हाक मारावी.