घरची काटकसर, कचेरीची काटकसर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी साहित्य-संगीतावर बोलणारे अधिकारी वक्ते आपणांस लाभले आहेत. आमच्या वाट्याला मात्र काहीसा रूक्ष विषय आला आहे. एखादी संस्था निसर्गरक्षणाचे कार्य हाती घेते. तिच्यात काम करणाऱ्या माणसाच्या मनात स्वतःच्या काही आकांक्षा असतात. या दोहोंची सांगड कशी घालावी? आम्ही तज्ज्ञ नव्हे. साधे बी. ए. झालो आणि तीस वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत गावोगाव फिरलो. जे पाहिले आणि जेथे चुकलो, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

धोरणांची आपल्याकडे वाण नाही. ऊर्जासंवर्धनाचा कायदा २००१ साली झाला. २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन साधण्याचा संकल्प सोडला. २०२२ च्या ऑक्टोबरात गुजरातेतील एकतानगर येथून पर्यावरणस्नेही जीवनशैलीचे अभियान सुरू झाले. खाजगी क्षेत्रात, शेअरबाजारात नोंदलेल्या पहिल्या १००० कंपन्यांना आपल्या पर्यावरणीय व सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणे 'सेबी'ने २०२२-२३ पासून बंधनकारक केले. हे सर्व योग्यच आहे. परंतु हा संकल्प आमच्या टेबलापर्यंत पोहोचतो तो परिपत्रकाच्या रूपाने, आणि बहुधा फाइलीतच विसावा घेतो.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाची व्यवस्था आमच्याकडे होती. दिवे-पंखे बंद करण्याविषयी आम्ही एक परिपत्रक काढले. सर्वांनी त्यावर सह्या केल्या. तीन महिन्यांनी बिल पाहिले तो फरक शून्य! जेवणाच्या सुट्टीत सहा पंखे आणि आठ ट्यूबलाइट रिकाम्या खोलीला वारा घालीत, उजेड दाखवीत होते. पंख्याचे ७५ आणि दिव्याचे ४० वॅट धरले, तर रोजच्या अर्ध्या तासाने वर्षाच्या २५० दिवसांत सुमारे ९६ युनिटे होतात. एखाद्या लहान कुटुंबाची महिन्याची वीज एका खोलीच्या सुट्टीत जात होती.

आम्ही रागावलो. तेव्हा आमच्या वृद्ध शिपायाने नम्रपणे सांगितले, "साहेब, घरचे बिल मी भरतो, म्हणून घरी दिवा विझवतो. इथले बिल कोण भरतो, किती भरतो, हे मला कोणी कधी सांगितलेच नाही."

त्या उत्तराने आमचे डोळे उघडले. त्या माणसात काटकसरीचा गुण होताच. कार्यालयाने त्याला तो वापरण्यास जागा दिली नव्हती. पुढील सोमवारपासून मीटरचा आकडा फलकावर लिहिण्याचे काम आम्ही त्याच्यावरच सोपविले. मग एकेकाशी निवांत बोललो: तुम्हांला स्वतःसाठी काय हवे आहे? एकाला मधुमेहामुळे डॉक्टरांनी चालावयास सांगितले होते. त्याने स्थानकापासूनची रिक्षा सोडली. एका सहकाऱ्यांना निवृत्तीनंतर गावी घर बांधावयाचे होते. छतावरील सौर पॅनेलांचा हिशेब त्यांनी आपल्या घरासाठी म्हणून शिकून घेतला आणि तोच कार्यालयाच्या प्रस्तावाला उपयोगी पडला. पहारेकऱ्याला झाडांची आवड होती. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी त्याने कुंड्यांकडे वळविले. वर्षाच्या अखेरीस बिल उतरले. नवे परिपत्रक एकही काढावे लागले नाही.

परंतु येथेच आमची एक चूकही सांगितली पाहिजे. यशाच्या भरात आम्ही सर्व वातानुकूलन यंत्रे २६ अंशांवर लावून टाकली. एक अंश वाढविला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, हे आम्ही वाचले होते. पण पश्चिमेच्या काचांजवळ बसणाऱ्या एका भगिनींची प्रकृती ठीक नव्हती. त्या काही बोलल्या नाहीत. केवळ रजा वाढत गेल्या. कारण आम्हांला फार उशिरा कळले. त्यांची जागा बदलली, काचांना पडदे लावले. हे काम आधीच व्हावयास हवे होते. आम्ही त्यांची क्षमा मागितली. संस्थेची बचत माणसाच्या अंगावर काढावयाची नसते. प्रथम इमारत सुधारावी, मग माणसाला उपदेश करावा. तसेच एखाद्याची वैयक्तिक आकांक्षा ही त्याची स्वतःची असते. ती विचारावी, ऐकावी, पण तिची सक्तीने भरती करू नये आणि गोपनीय अहवालात तिचे गुण तर मुळीच मांडू नयेत.

जेथे ही सांगड स्वाभाविकपणे जुळते तेथे काय घडते, हे रेल्वेत पाहावे. आजच्या थ्री-फेज विद्युत इंजिनात ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज परत वरच्या तारेत जाते. चढ-उतार ओळखून, वेळीच शक्ती काढून घेऊन गाडी आपल्या वेगाने घरंगळू देणारा लोको पायलट वीज वाचवितो, आणि गाडीही वेळेवर नेतो. त्याला ते उपकाराचे काम वाटत नाही. तो आपल्या हातच्या कसबाचा अभिमान असतो. आणि संस्थेने माणसाकडे आधी पाहावे, याचा धडा तर आपल्याच मातीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली, ती नुसता कारखाना म्हणून नव्हे, तर कामगारांचे गाव म्हणून. गाव आपले म्हटले की विहीरही आपली होते.

बंधुभगिनींनो, आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांपुढे खरी अडचण हीच आहे. आपल्यापैकी पुष्कळजण बदलीचे. "तीन वर्षांनी जायचेच आहे," असे म्हणत आपण क्वार्टरच्या गळक्या नळाकडे दुर्लक्ष करतो. सेकंदाला एक थेंब गळला, तरी दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक पाणी जाते. आम्हीही कित्येक वर्षे असेच राहिलो. झाड लावले नाही. त्याची सावली आपणांस मिळणार नाही, असा हिशेब केला.

परंतु हे मंडळ ज्यांनी स्थापन केले, तेही बदलीचेच होते. त्यांनी वर्गणी गोळा केली, ग्रंथालय मांडले, गणपती बसविला, आणि बदलीचा हुकूम आला तेव्हा किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊन ते गेले. आज पन्नास वर्षांनी आपण त्यांच्या सावलीत बसलो आहो. त्यांची वैयक्तिक इच्छा साधीच होती: आपल्या मुलांच्या कानांवर मराठी पडावे. तिच्यातून एक संस्था टिकली. टिकाऊपणा याहून निराळा तो काय असतो?

म्हणून विनंती एवढीच की या सभागृहाच्या मीटरचा आकडाही उद्यापासून फलकावर लागावा, आणि तो लिहिण्याचा मान आपल्या मुलांना मिळावा. उत्सवाची मूर्ती शाडूची असावी, पंगतीला स्टीलची ताटे असावीत. ती घासण्याच्या पहिल्या पाळीत आमचे नाव लिहून घ्यावे. पुढील वर्षी आम्ही निवृत्त होऊन येथून जाऊ. किल्ली देताना घर नीटनेटके असावे, एवढीच आमची आता वैयक्तिक आकांक्षा उरली आहे.