पूर्व बंगालचा कौल : १९५४



मार्च १९५४ मध्ये पाकिस्तानच्या पूर्व बंगाल प्रांतात विधानसभेची निवडणूक झाली. मतदारसंघ धर्मवार होते. मुस्लिम जागा २३७. त्यांतल्या २२३ विरोधी पक्षांच्या संयुक्त आघाडीनं जिंकल्या. ज्या मुस्लिम लीगनं सात वर्षांपूर्वी पाकिस्तान मिळवलं, तिच्या पदरात अवघ्या ९ पडल्या. एवढा दारुण पराभव एका दिवसात ओढवत नाही.

फाळणीनंतर प्रांताचा कारभार १९४६ साली निवडून आलेल्या आमदारांवरच चालू होता. १९४९ साली टांगाइलची पोटनिवडणूक लागली. लीगनं जमीनदार घराण्यातला उमेदवार दिला आणि शम्सुल हक या तरुण कार्यकर्त्यानं त्याला पाडलं. सरकारनं याचा धसका घेतला. पोटनिवडणुका घेणंच थांबलं, जागा रिकाम्या राहू लागल्या, सार्वत्रिक निवडणूकही लांबत गेली. मतदाराला तोंड द्यायचं टाळलं की त्याचा राग निवत नाही, तो साठत जातो. कोरियाचं युद्ध ओसरल्यावर तागाचे भाव कोसळले, शेतकरी नागवला गेला. आणि मग २१ फेब्रुवारी १९५२ आला. बंगालीला राष्ट्रभाषेचा दर्जा द्या, एवढंच मागणाऱ्या विद्यार्थ्यांवर ढाक्यात पोलिसांनी गोळ्या झाडल्या.

तो दिवस विरोधकांनी जाहीरनाम्यातच कोरून ठेवला. मागण्या मोजून एकवीस. पहिली भाषेची. जमीनदारी बिनमोबदला रद्द करावी, ताग-व्यापाराचं राष्ट्रीयीकरण व्हावं, केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि चलन एवढंच ठेवावं, अशा बाकीच्या. पण मला त्यातली एक मागणी फार मोलाची वाटते : मुख्यमंत्र्यांचं निवासस्थान असलेलं बर्दवान हाउस बंगाली भाषेच्या संशोधनासाठी द्यावं. सत्तेच्या घरात भाषेला नेऊन बसवायचं, हे खेड्यातल्या माणसाला भाष्याशिवाय कळतं.

आघाडीचं चिन्ह नौका. पुढारी तिघे : फजलुल हक, मौलाना भाशानी आणि सुऱ्हावर्दी. यांतल्या हकसाहेबांकडे नीट पाहा. १९४० साली लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव मांडणारे तेच. त्याच लीगविरुद्ध ते आता गावोगाव मतं मागत होते. मुख्यमंत्री नूरुल अमीन मैमनसिंग जिल्ह्यातल्या नांदाइलमधून उभे होते. गोळीबार झाला तेव्हा सरकार त्यांचंच होतं. त्यांना हरवलं खालेक नवाज खान या विद्यार्थी चळवळीतल्या तरुणानं. माझ्या मते सगळ्या निवडणुकीचा अर्थ या एका मतदारसंघात सापडतो.

३ एप्रिलला हकांनी शपथ घेतली. १५ मे रोजी मंत्रिमंडळाचा विस्तार झाला, आघाडीतले तरुण नेते शेख मुजीब त्यात मंत्री झाले, आणि त्याच दिवशी आदमजी ताग गिरणीत बंगाली आणि बिगरबंगाली कामगारांत भीषण दंगल उसळली. राजधानी कराचीतल्या केंद्र सरकारला निमित्त मिळालं. ३० मे रोजी, केंद्राला प्रांताचा कारभार हाती घेऊ देणाऱ्या ९२-अ कलमाखाली सरकार बरखास्त झालं. इस्कंदर मिर्झा गव्हर्नर म्हणून आले, हक नजरकैदेत गेले, मुजीब तुरुंगात. लोकांनी एवढ्या बहुमतानं निवडलेलं सरकार दोन महिनेसुद्धा टिकू दिलं नाही. हा उघड अन्याय होता, आणि आज इतक्या वर्षांनी तो वाचतानाही संताप येतो.

भाषेची मागणी मात्र रेटून नेता आली नाही असं नाही. १९५६ च्या राज्यघटनेत बंगालीला उर्दूच्या बरोबरीनं स्थान मिळालं. बर्दवान हाउसमध्ये त्याआधीच, डिसेंबर १९५५ मध्ये, बांगला अकादमी सुरू झाली होती. पण केंद्रातल्या सत्ताधाऱ्यांनी १९५४ मधून धडा घेतला तो भलताच : पूर्वेचा कौल नको असेल तर मोडून टाकता येतो. डिसेंबर १९७० मध्ये, या वेळी राष्ट्रीय विधानसभेसाठी, पुन्हा मतदान झालं. मुजीबांच्या अवामी लीगनं पूर्व पाकिस्तानातल्या (हे पूर्व बंगालचंच नवं नाव) १६२ पैकी १६० जागा जिंकल्या; उरलेल्या दोनांपैकी एकीवर नूरुल अमीन निवडून आले. राष्ट्रीय विधानसभेची बैठक ३ मार्च १९७१ ला ढाक्यात ठरली होती. १ मार्चला राष्ट्राध्यक्ष याह्या खानांनी ती बेमुदत पुढे ढकलली आणि त्याच दुपारी ढाका रस्त्यावर आलं.